सम्राटाचा चौथरा

रोमजवळच्या डोंगरउतारावर एका सम्राटानं बांधलेला महाल मी एकदाच पाहिलाय. तोही अर्ध्या दुपारात, बायको ऑलिव्हच्या झाडाखाली चिवडा खात "अजून किती पडक्या भिंती राहिल्यात हो?" असं विचारत असताना. लांबलचक हिरवट तलाव, काठानं खांबांची रांग, पलीकडे उंच चौथरा आणि त्यावरून दिसणारं खालचं सगळं मैदान. सम्राटानं म्हणे जग फिरून आवडलेल्या जागांच्या नकला तिथं करवून घेतल्या होत्या. एवढ्या भांडवलावर मी दोहातल्या आमच्या बागा आखणाऱ्या ऑफिसात रोमन बागांचा जाणकार झालो.

त्यामुळे दोहाजवळ समुद्रकाठी असलेल्या अल वक्राच्या एका घरमालकाला तशी बाग हवी झाली, तेव्हा काम माझ्याकडेच आलं. नकलेची नक्कल करायला मी बाह्या सरसावल्या. तलाव झाला, खांब झाले. पण वक्रा सपाट; डोंगर आणायचा कुठून? मी भराव टाकून दोन मीटरचा चौथरा वर काढला. वरून समुद्र दिसेल, मालक खूश होईल.

नकाशा काढणारे काका नाशिकचे, वीस वर्षं इथं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, त्या राजाला शेजारी नव्हता. आपल्याला आहे."

"काका, तुम्ही रेषा ओढा," मी म्हणालो. सगळं ऑफिस हसलं. मीही.

बांधून झाल्यावर मालक पाहायला आले. चौथऱ्यावर चढले, समुद्राकडे वळले आणि लगेच मान खाली घालून उतरले. समुद्राच्या अलीकडे शेजाऱ्यांचं आतलं अंगण होतं आणि तिथं घरच्या बायका बसल्या होत्या. इथं घरांच्या भिंती उंच का असतात, हे मला रोज दिसत होतं. पण माझं लक्ष रोमकडे.

संध्याकाळी बॉसनं नकाशा टेबलावर पसरला. काढणारे म्हणून काकांची सही, तपासणारा म्हणून माझी. ही उंची आली कुठून, त्यानं विचारलं.

"काढताना चूक झाली असेल," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि मुलगी बारावीला होती. मला दोन्ही ठाऊक होतं.

मदिनत खलीफातल्या घरी बायकोनं विचारलं, "मग, तुमच्या राजाचं कसं झालं?" मी म्हटलं, छान. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. बॉसकडे जाऊन कबूल केलं, की उंची माझी, काकांनी तर अडवलं होतं.

"आत्ता सांगतोयस?" तो म्हणाला. ड्राफ्ट्समनची चूक, असं पत्र मालकाला कधीच गेलं होतं, आणि ते बदललं तर ऑफिसचीच शोभा होणार होती. खूप गयावया केल्यावर काकांचं काँट्रॅक्ट मुलीच्या परीक्षेपर्यंत वाढवून मिळालं. पुढं नाही. माझी नोकरी राहिली.

चौथरा उतरवायच्या आधी मापं घ्यायला आम्ही दोघंच गेलो. गाडीत काका खिडकीबाहेर बघत होते. मी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा एसीबद्दल बोललो.

साइटवर शेजारच्या अंगणाकडे पाठ करून मी उभा राहिलो. पुढं काय नि कसं करायचं, ते काकांना सांगू लागलो. त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"साहेब, तुम्ही टेप धरा."

या वेळी हसायला कुणी नव्हतं. मी टेप धरली.