शकुनबाईच्या विहिरीतलं कासव

नाव शकुनबाई गोमाजी. राहणार एकोडी, तालुका साकोली. वय अंदाजे साठ. व्यवसाय धानाची शेती. शिक्षण निरंक. वर्तणूक चांगली. ताब्यात विनापरवाना वन्य प्राणी एक, जात कासव, मुक्काम विहीर.

१९७८ च्या उन्हाळ्यापर्यंत सरकारला तिच्याविषयी इतकं माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. कासव तिच्या सासऱ्याने तलावातून आणून विहिरीत सोडलं होतं. ते किडे खातं आणि पाणी नितळ राहतं, असा आमच्याकडे भरवसा होता. नवरा गोमाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण सकाळ-संध्याकाळ अर्धी आळी तिच्या अंगणात असायची. विहिरीचं चाक कुरकुरायचं, पाण्याचे पितळी गुंड भरायचे, आणि भरले तरी कोणी हलायचं नाही. गावातली लग्नं आधी तिथे ठरत, मग पुरुषांना कळवलं जाई. शकुनबाई ओट्यावर बसून हसायची आणि मूठभर भात विहिरीत टाकायची.

त्या वर्षी भोजराज नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, बदलून आला. नवीन होता, त्यामुळे कायदा वाचलेला होता.

"बाई, हे कासव कोनाचं?"

"विहिरीचं."

"अन् विहीर?"

"मायी."

"मंग कासव तुयंच झालं. परवाना लागते."

"मायाकडं राह्याचा परवाना त्यानं मले कधी मांगतला नाही जी."

"मस्करी नोको करू. कायद्यात वाघ अन् कासव एकाच यादीत आहेत."

"वाघ विहिरीत राह्यते का?" दोर ओढता ओढता केशरबाईने विचारलं.

मे महिन्यात गाळ उपसायला माणसं विहिरीत उतरली, तेव्हा कासव टोपलीत बसून वर आलं. भोजराजने ते सायकलच्या कॅरियरला बांधून नेलं आणि गावतलावात सोडलं.

मग आळीतल्या मंगलाबाईला विहिरीच्या पाण्यात अळ्या दिसल्या. केशरबाईला त्या न बघताच दिसल्या. बायका गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवर जाऊ लागल्या. शकुनबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून गिलासभर पाणी पिऊन दाखवायची. "चांगलं आहे व," म्हणायची. कोणी थांबत नसे. संध्याकाळी ती ओट्यावर एकटीच बसलेली दिसे.

भोजराजचं बिऱ्हाड त्याच आळीत होतं. त्याची बायको कौशल्याबाई म्हणाली, "त्या पान्याचा चहा मी नाही करत. दुरून आनाचं असन तर तुमी आना." सरकार खाकी कपड्यांत खांद्यावर गुंड घेऊन गावातून जाऊ लागलं.

"काहून जी नाकेदार," केशरबाईने हटकलं, "गुंडाचा परवाना आहे का?"

त्यानंतर भोजराजने ढिवरांना सांगून तलावात जाळं टाकायला लावलं. कासव आलं. आळीदेखत ते विहिरीत सोडलं गेलं. शकुनबाईने वाकून पाहिलं, जरा थांबली आणि भात टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटेच चाक कुरकुरलं.

साकोलीला अहवाल गेला : सदर वन्य प्राण्यास ओळख पटवून त्याच्या मूळ अधिवासात मुक्त करण्यात आले.

पुढे गावात हापशी आली. बायका तिकडे गेल्या, त्या मात्र या वेळी कासव असूनही परतल्या नाहीत. माझी आई तेवढी शकुनबाईकडे जाऊन बसायची. तिला एकदा शकुनबाईने सहज सांगितलं, तलावातून आणलेलं ते कासव दुसरंच होतं.