पासारगादच्या माळावर ह्यांनी विचारलेली वाट

इथले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर बरेचसे अर्ध्यावर सोडून देते. जन्मभर शाळेत केमिस्ट्री शिकवली. भुतंखेतं, पूर्वजन्म असल्या गोष्टींना आमच्या घरात कधी थारा नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय, कारण हे एकटीनं डोक्यात वागवायचा आता कंटाळा आलाय.

आम्ही मूळचे नागपूरचे. हे भोपाळला पिपलानीच्या कारखान्यात इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर बिट्टन मार्केटजवळ फ्लॅट घेतला. मग ह्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी रस्ते गेले, मग माणसं... शेवटी मीही गेले. मला ते कामाला ठेवलेली बाई समजायचे. "बाई, तुम्ही जेवलात का?" असं अगदी अदबीनं विचारायचे. उठवणं, आंघोळ, औषधं, दाराला कुलूप — दिवस असेच जायचे.

इराणमधले प्राचीन अवशेष बघायची ह्यांची फार जुनी हौस. आमची मुलगी मुग्धा दुबईत असते. ती म्हणाली, बाबांना प्रवास झेपतोय तोवर जाऊन येऊ. शिराजपर्यंत विमानानं गेलो आणि तिथून गाडी केली. ड्रायव्हर बेहरूज, मुग्धाशी इंग्रजीत बोलायचा.

पासारगाद म्हणजे एका छोट्या गावाबाहेरचा मोठा उघडा माळ. तिथे पायऱ्यापायऱ्यांची दगडी कबर, एका प्राचीन सम्राटाची, आणि लांब लांब विखुरलेले महालांचे खांब. भर दुपार होती. मुग्धा पाणी आणायला गेली, मी ह्यांचा हात धरून बाकावर बसले. माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा हे शेजारी नव्हते.

मुग्धा आणि बेहरूज दोन दिशांना धावले. मीही थोडी चालले, पण उन्हात पाय उचलेचनात. परत येऊन कबरीच्या सावलीत बसले. तिथे ट्रिपला आलेल्या बऱ्याच बायका होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर माझ्यासारखाच स्कार्फ. ह्यांना तर स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं... परक्या देशात कुणाला काय सांगणार?

बऱ्याच वेळानं मुग्धा आणि बेहरूज हात हलवत परत आले. तेवढ्यात खांबांच्या बाजूनं एक मेंढपाळ ह्यांना हाताला धरून येताना दिसला. जवळ आल्यावर ह्यांनी त्या बायकांवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

मेंढपाळ बेहरूजशी बोलायला लागला. बेहरूजनं त्याला मध्येच थांबवून काहीतरी पुन्हा पुन्हा विचारलं. मग मुग्धाला म्हणाला, तुझे वडील पूर्वी इथे नोकरीला होते का? कधीच नव्हते. ह्यांची सगळी नोकरी भोपाळातच झाली.

"हा म्हणतो, त्यांनी आमच्या भाषेत वाट विचारली," बेहरूज सावकाश म्हणाला. "गावातले म्हातारे बोलतात तशी भाषा. म्हणाले, माझी बायको कबरीपाशी बसली आहे. ती फार थकली आहे. मला तिच्याकडे ने."

मी ह्यांचा चेहरा हातात धरला आणि विचारलं, "अहो, तुम्ही काय म्हणालात त्याला?"

हे माझ्याकडे बघून ओळखदेख नसल्यासारखं हसले. "बाई, चहा मिळेल का?"

पुढे सगळं पूर्ववत. भोपाळला परतलो, आणि ह्यांच्या तोंडून फारसीचा एक शब्द पुन्हा आला नाही. पुढच्या हिवाळ्यात हे गेले. शेवटपर्यंत मी बाईच होते.

डॉक्टर म्हणाले, भोपाळमध्ये उर्दू कानावर पडते, तिच्यात फारसी शब्द असतातच. असेल. पण ह्यांची उर्दू भाजीवाल्याशी बोलण्यापुरती! मुग्धा अजून अशा गोष्टींबद्दल वाचत असते, कुठे काही उलगडतं का बघत असते. मी नाही बघत.

भाषेचं राहू दे. मी थकलेय हे मी मुग्धालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. जो माणूस मला ओळखतच नव्हता, त्याला ते कुठून कळलं, एवढंच मला अजून सांगता येत नाही.