भिंतीमागचा झावळ्यांचा ढीग

ओमानमधल्या इब्रा गावाबाहेरच्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून एक मोठा ढीग पडलेला असतो. खजुराच्या वाळक्या झावळ्या, वेड्या बाभळीच्या छाटलेल्या फांद्या, लिंबाच्या काटक्या. घर अर्बाबचं आहे, म्हणजे माझा नवरा ज्यांच्याकडे नोकरी करतो त्या ओमानी मालकांचं. घराभोवती त्यांची खजुराची बाग आणि बागेपलीकडे डोंगरापर्यंत नुसती खडी आणि वाळू. आम्हाला घर देताना त्यांनी एकच अट घातली, बाग स्वच्छ राहिली पाहिजे. खजूर उतरवून झाले की छाटणीला माणसं येतात आणि जाताना छाटलेलं सगळं भिंतीशी टाकून जातात. ते उचलायचं कोणी, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो आणि दरवर्षी त्याचं उत्तर मीच असते.

वाळवंटात कचरा कुजत नाही. पुण्याला माझ्या माहेरी सोसायटीच्या कोपऱ्यात पाला टाकला की दिवाळीपर्यंत त्याची माती झालेली असायची. इथे गेल्या वर्षीची झावळी यंदाही जशीच्या तशी, फक्त जास्त कडक आणि काटे जास्त टोकदार. जाळायचं म्हटलं तर मनाई आहे. आणि मनाई नसती तरी इथल्या वाऱ्यात काडी लावायची म्हणजे अर्बाबची अख्खी बाग पेटवायची. राहता राहिला पिकअपवाला पठाण. तो रोज फोनवर "बुकरा, इन्शाल्ला" म्हणायचा, म्हणजे उद्या, आणि तो उद्या काही उगवायचा नाही. शेवटी एकदाचा येऊन ढीग बघून गेला तर म्हणतो, "भाभी, ऐसा खुला नहीं ले जाएगा. बांध के रखो." रस्त्यावर फांद्या उडाल्या तर पोलीस त्याला धरणार, माझं काय जाणार होतं.

त्या दिवसांत माझे सासरे आमच्याकडे राहायला आलेले होते. रत्नागिरीजवळच्या खेड्यात आयुष्यभर भातशेती केलेला माणूस, बोलायचा कंटाळा. माझ्याशी तर आणखीनच मोजून बोलायचे. आल्या दिवसापासून त्यांचा डोळा त्या ढिगावर होता. त्यांच्याकडे उन्हाळ्यात शेतात फांद्या आणि पाला पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात, आणि त्या राखेच्या जमिनीत रोपांसाठी भात पेरतात. एवढा सुका पाला नुसता पडून आहे, हे त्यांना बघवत नव्हतं.

"एक काडी पुरे," ते एकदा म्हणाले.

"बाबा, इथे जाळायचं नाही. सरळ पोलीस येतील."

"नाय तर नाय," म्हणाले आणि आत गेले. मला ते झोंबलं. रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला ऐकवलं, खरं तर त्यांनाच ऐकू जावं म्हणून, की उद्या दुपारी पिकअप येणार आहे, काही बांधून ठेवलेलं नाही, मी एकटीने काय काय करू. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. त्याला पहाटेच मस्कतला निघायचं होतं, तिथल्या गाला भागातल्या गॅरेजमध्ये कंपनीच्या ट्रकचं काम होतं.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर सासरे ढिगाशी बसलेले, आणि त्यांच्या मागे भाऱ्यांची रांग. झावळीची पाती चिरून, तिचाच पीळ घालून, गुडघ्याने दाबून बांधलेले घट्ट भारे. राबाच्या फांद्यांचे भारे असेच बांधत असणार. हात उघडे. मी खिडकीतून ओरडले, "बाबा, हातमोजे आहेत स्टोअरमध्ये." त्यांनी मागे न बघता हात हलवला. खरं सांगते, मला बरं वाटलं. चला, काम तर होतंय, असं म्हणून मी चहाचं आधण ठेवलं.

थोड्या वेळाने ते मागच्या दाराने आत आले आणि बेसिनपाशी बराच वेळ हात धूत उभे राहिले. "काटा लागला," एवढंच म्हणाले आणि खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता, मनगटाची बटणं लावलेली. ते खुर्चीत बसले. चहा समोर ठेवला, त्याला हात लावला नाही.

खजुराच्या झावळीचा काटा म्हणजे दाभणच. मलाही एकदा लागला होता, बोट भोपळ्यासारखं सुजलं होतं. म्हणून मी मलम काढून दिलं आणि पोळ्यांकडे वळले. पण मन पोळीत लागेना. हा माणूस घरात कायम बनियनवर असतो. या उकाड्यात सदरा कशाला? आणि चहा तसाच निवू देणाऱ्यातले ते नव्हेत. वळून पाहिलं तर उजव्या हाताची बोटं तट्ट फुगलेली, आणि ते तो हात डाव्या हाताने मांडीवर धरून बसलेले.

"बाबा, बाही वर करा बघू."

"काय नाय. काटा."

पाया पडण्यापलीकडे मी सासऱ्यांना कधी हात लावलेला नव्हता. त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. मी सरळ त्यांचा हात ओढला आणि बटण काढलं. मनगटाच्या वर सुतळी बांधलेली होती, मांसात रुतेल इतकी आवळून. हात तिच्याखाली काळानिळा पडत चालला होता.

काट्याला कोणी सुतळी बांधत नाही.

"काय चावलं, बाबा?"

"काटा लागला."

ताकास तूर लागू देतील तर शपथ. मी गॅस बंद केला, किल्ली घेतली आणि त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. त्यांनी विरोध केला नाही, यानेच मी जास्त घाबरले. नवऱ्याला फोन लावला, उचलला नाही. गॅरेजच्या खडखडाटात ऐकू येत नसणार.

आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत खडीची वाट आहे, पन्हाळी पत्र्यासारखी वर-खाली. जोरात घ्यावी तर त्यांच्या हाताला हिसके, हळू घ्यावी तर वेळ जातो. सुतळी सोडू की राहू देऊ, तेही मला माहीत नव्हतं. ते ताठ बसून काचेतून समोर बघत होते. मी बोलतच सुटले होते. हातमोजे का नाही घातले, हाक का नाही मारली, मी काय परकी आहे का. शेवटी म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर मी त्याला काय तोंड दाखवू?" मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि पटकन मुठीत लपवला. पण मला दिसला. रुमालावर लाल होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं.

डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा नवऱ्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, काटाच असेल. त्यांना सवय आहे. तू उगाच घाबरतेस."

"हाताला सुतळी बांधलीय त्यांनी."

मग तो म्हणाला, "निघतो मी. तू थांबू नकोस कुठे." मी फोन सीटवर टाकला आणि गाडी पळवली.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर मल्याळी बाई होती, माझ्याच वयाची. तिने हात पाहिला, सुतळी पाहिली आणि हिंदीत विचारलं, "अंकल, साँप देखा क्या?"

"नहीं. कांटा," सासरे म्हणाले.

"साँप," मी म्हणाले.

ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही त्यांचंच ऐकणार. हात त्यांचा आहे, मी कोण सांगणारी. पण तिने आधी सलाइन लावलं, मग सुतळी सैल केली, आणि काचेच्या एका छोट्या नळीत त्यांचं रक्त घेऊन ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाली, नुसता काटा असेल तर रक्त गोठेल. साप असेल, तर गोठणार नाही. वीस मिनिटं कोणी नळीला हात लावायचा नाही.

आम्ही बसून राहिलो. मी त्या नळीकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, गोठ रे बाबा, मला खोटं पाड, मी वेडी ठरले तरी चालेल. सासरे छताकडे बघत होते. सूज आता कोपराच्या वर गेली होती. शेवटी डॉक्टरने येऊन नळी उचलली आणि तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला धावलं.

मग सगळी धावपळ झाली. सापाच्या विषावरचं औषध सलाइनमधून सुरू केलं. त्याने त्यांना अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. नर्सने मला बाहेर काढलं, मग परत आत घेतलं. आणखी एक इंजेक्शन झालं. दुपारी केव्हातरी डॉक्टरने पुन्हा नळीत रक्त घेतलं, आणि या वेळी ते गोठलं. "अब ठीक है," ती म्हणाली. मी स्टुलावर बसले आणि रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

नवरा आला तेव्हा ते जागे होते. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, त्याच्या शर्टला अजून गॅरेजचं ग्रीस होतं. "बाबा, काय झालं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, परत काटा म्हणणार.

"फुरसं," ते म्हणाले. "भाऱ्यात होतं. मी बघितलं."

फुरसं हातभरसुद्धा नसतं, मातीच्या रंगाचं, कोकणातल्या कातळावर असतं तसंच इथल्या खडीतही असतं. ओळखायला त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नसणार.

"मग काटा काय म्हणत बसलात?" नवरा चिडला. "जीव गेला असता तुमचा."

"आपल्यात सांगत नाय. ज्याला लागलं त्याला तर नायच. नाव घेतलं की माणूस भितो, आणि भ्याला की विष चढतं." ते थांबले. "तुझ्या आयेलाही मी काटाच म्हणालो होतो."

माझ्या नवऱ्याची आई तो अगदी लहान असताना तापाने गेली, असं मी लग्नापासून ऐकत आले होते. तोही तेच ऐकत मोठा झाला होता.

तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्यांच्या बऱ्या हातावर हात ठेवला.

"राबाचे भारे बांधत होती," सासरे म्हणाले. "काटा म्हणालो, तिने मानलं. घरात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी गेली." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "हिने मानलं नाय."