रजईतली पावलं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. चंडीगढची थंडी सुरू झाली, पेटीतून रजया निघाल्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की मला सांगलीचा माझा थोरला भाऊ आठवतो. आम्हा दोघांनाही शुगर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा "माझ्याच्यानं व्हायचं नाही रे," म्हणून तो खुर्चीतून उठेना, तेव्हा मीच पैज लावली, की रोज सकाळी किती पावलं चाललो तो आकडा एकमेकांना फोनवर पाठवायचा. महिनाभर मी खरंच चाललो, पण धुकं पडायला लागलं तसा रजईत पडल्या पडल्या फोन हलवायचो आणि आठ हजार पाठवायचो; धुकं गेलं तरी ती सवय गेली नाही. तिकडे तो ईर्षेनं नऊ हजार चालायचा. वर्षभरानं तो इथे आला, सडसडीत होऊन, पट्ट्याला नवी भोकं पाडून. सुखना तलावावर पहिल्याच बाकाशी मला धाप लागली. "सर्दी झालीय, दादा," मी म्हणालो. तो शेजारी बसला, बूट-मोजे काढून पाय चोळू लागला, तर दोन बोटं नव्हती. "फोड आला होता. डॉक्टर म्हणाले चालू नका, पण तुझे आठ हजार आले की घरी बसवायचं नाही." "मला कळवलं का नाहीस?" "कळवलं असतं तर लेका, तुझं चालणं सुटलं असतं." आता मी रोज चालतो, खरा आकडा पाठवतो; पण तेव्हाचे सगळे आकडे खोटे होते, हे त्याला सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.