अधिक महिन्याचं शिंगरू

“फाल्गुन शुद्ध पंचमीच्या आत शिंगरू होत नाही. अजून पंधरा दिवस आहेत. खुशाल ने तिले कन्हानले,” अंगणातल्या लिंबाखाली आतोबा सखाराम टांगेवाल्याला सांगत होते. सखारामची घोडी पहिल्यांदाच गाभण होती. कन्हानला त्याच्या सासुरवाडीत तिच्यासाठी गोठा झाडून ठेवला होता. ती तिथवर दहा-बारा मैल चालत जाणार होती. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते आणि नेहमीप्रमाणे गप्प होते.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नागपुरात माणसांना डॉक्टर पुष्कळ होते, घोड्यांना मात्र आतोबाच होते. त्यांना घोड्यावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गिरणीत कारकुनी करायचे आणि सायकलने जायचे. पण वाटेत टांगा दिसला की सायकल आडवी घालून घोड्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडायचे. कातडी सावकाश जागेवर बसली, म्हणजे घोडं तहानलेलं, की टांगेवाल्याची कंबख्ती. “पाणी आधी, चंदी मग. किती डाव सांगू गा?” टांग्यातली सवारी ताटकळत बसे. एकदा तर त्यांनी वरात थांबवली. नवरदेव वर बसलेला, बँड वाजतोय आणि आतोबा खाली वाकून खुरातला खडा काढताहेत. मुलीकडचे लोक कुरकुरले, तर म्हणाले, “नवरदेवाले काय घाई? घोडीले रोज चालाचं आहे.”

घोड्यांच्या सोयरिकी जुळवताना ते फार कडक होत. रंगावर भाळलेल्या मालकाला दारातूनच परत पाठवत. “आधी चार पाय पहा, मग दम पहा. अन् बाप कितीही नामी असू दे, आई तापट असली की पोर लाथच मारते.” आत तूर सोलत बसलेली आत्या म्हणे, “हे माह्याकडे पाहून काहून सांगता? घोडी शिंकली की धावत जाता, मी आठ दिवसांची खोकून राहिली तर ऐकूही येत नाही.” आतोबा शांतपणे विचारत, “चंदी खातेस ना बरोबर?”

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यात चारचौघांत तोंड उघडायची भीती. आतोबांकडे एक जुनं इंग्रजी अश्ववैद्यकाचं पुस्तक होतं. ते मी रोज त्यांना मराठीत वाचून दाखवी. त्यातले शब्द माझे नसत, म्हणून आवाज फुटायचा. प्रत्येक ओळीवर ते मान डोलवत आणि वहीत लिहीत. तारखा मात्र पंचांगाच्याच. सखारामच्या घोडीची घोड्याशी गाठ पडली ती चैत्र शुद्ध पंचमीला. तिथून नावानिशी अकरा महिने मोजले की फाल्गुन शुद्ध पंचमी.

त्या वर्षी श्रावण दोन आले होते. अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, म्हणून आतोबांनी तो मोजलाच नव्हता.

सखारामने घोडी वळवली. तिची कास तटतटली होती आणि सडांच्या टोकांवर पिवळट मेणासारखे थेंब सुकले होते. तसे थेंब म्हणजे बाळंतपण एक-दोन दिवसांवर, हे गेल्याच आठवड्यात मी वाचून दाखवलं होतं. ती वाटेतच अडली तर? सखाराम दोर धरून फाटकाशी पोचला. त्याचा आतोबांवर देवासारखा विश्वास होता. बोलायचं म्हणजे आतोबांना त्यांच्या भक्तासमोर खोटं पाडायचं. मी ओसरीची पायरी उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लिंबाखाली शिंगरू झालं. धडपडत चार पायांवर उभं राहिलं, तेव्हा सखाराम रडला आणि आत्याने घोडीलाच गुळाचा खडा भरवला. आतोबांनी शिंगराचं नाव ठेवलं अधिकराव. आपली चूक ते पुढे जन्मभर कौतुकाने सांगत राहिले, टांगे रस्त्यांवरून दिसेनासे झाले, ऐकणारं कुणी उरलं नाही, तरीसुद्धा. त्यांच्या गोष्टीत मी फाटकात आडवी उभी राहून मोठं भाषण ठोकते. माझ्याच्याने ते कधी खोडवलं नाही. खरं तर माझा आवाज कापत होता आणि मी एवढंच म्हणाले होते, “आतोबा, तो महिना घोडीने मोजलाय. तिला आज जाऊ देऊ नका.”