डिकीतली मांजरं

मुलगी काय करते, असं सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडमध्ये कुणी विचारलं की मी "डिझाइनमध्ये आहे" म्हणायचो आणि लगेच पावसाबद्दल बोलायला लागायचो. इथे पाऊस नेहमी हाताशी असतो. ऐकणारे पुढचं आपल्या मनाने समजून घेत, आणि मी समजू देत असे. आमच्या मंडळातले एक रिटायर्ड इंजिनिअर काका तर भाच्याचा रेझ्युमे घेऊन आले. "तिच्या कंपनीत जरा पुढे सरकव रे." मी तो घेतला. वर "बघतो" असंही म्हणालो.

मुलगी कुठल्याच कंपनीत नाही. ती मांजरं काढते. जपानी सण साजरे करणारी मांजरं.

ती लहान असताना आम्हा दोघांना ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, म्हणून शाळा सुटली की ती शेजारच्या जपानी आजींकडे बसायची. आजींकडे दोन मांजरं होती आणि दर ऋतूचा सण. मुलगी घरी येऊन कागदावर दोन्ही एकत्र करायची. मला वाटलं, दुधाचे दात पडतात तशी पडेल ही सवय. पडली नाही. त्यातून कार्डं झाली, कॅलेंडरं झाली, आणि तेच तिचं काम झालं. तिची आई हे सगळ्यांना सांगायला तयार होती. मीच तिला दर वेळी डोळ्यांनी गप्प करायचो.

यंदा मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी बायकोने जाहीर केलं, "वाण म्हणून पोरीची कार्डंच लुटायची. प्लास्टिकचे डबे बास झाले आता."

मुलगी खूश झाली. कार्डांचे संच लाल फितीने बांधून, खोकं भरून तिने सिअ‍ॅटलहून आणून दिलं. मी एक संच उचलला आणि आधी उलटा केला. मागे तिचं नाव होतं आणि त्याखाली 'इलस्ट्रेटर'. काका-काकू येणार होते. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी ते खोकं गराजमधून माझ्या गाडीच्या डिकीत गेलं. वर मी जुनी चादर टाकली.

दुपारी घर भरलं. बाहेरच्या खोलीत बायका, किचनमध्ये कॉफीचे कप घेऊन आम्ही पुरुष. एका काकूंच्या नातवाचं बोरन्हाणही आमच्याकडेच होतं. काळा सदरा, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून चुरमुरे, गोळ्या, बोरं मिळाली नाहीत म्हणून ब्लूबेरी. पोरं त्या वेचायला अशी तुटून पडली की आमचं कार्पेट जांभळं झालं.

"अहो, वाण आणा," बायकोने हाक मारली.

मी गेल्या वर्षीच्या उरलेल्या स्टीलच्या वाट्या नेल्या.

"हे काय?"

"खोकं दिसलं नाही कुठे. ह्याच लुटा ना."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी कॉफी बघायला वळलो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नो वरीज, मी शोधते," आणि बाहेर गेली. परत आली ती खोकं पोटाशी धरून. केस भिजलेले. खोक्यावर तिने स्वतःचं जॅकेट घातलं होतं.

"डिकीत होतं," ती म्हणाली. "चादरीखाली."

माझ्याशी ती इंग्रजीत बोलते. मराठी फक्त आईशी, आणि मला काही लागावं असं तिला वाटतं तेव्हा. आता ती मराठीत म्हणाली, "बाबा, इतकी वाईट आहेत का?"

'नाही' म्हणायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की मला माहीतच नाही.

"मी पाहिलीच नाहीत," मी म्हणालो. "फक्त मागची बाजू पाहिली." मग एकदा सुरू झालो, ते थांबता येईना. "ही कुठल्या कंपनीत नाही. कधीच नव्हती. मांजरं काढते. मला सांगायची लाज वाटायची."

"म्हणजे आमच्या भाच्याचा रेझ्युमे?" काकांनी विचारलं.

"माझ्या टेबलाच्या खणात आहे, काका."

"अरे, त्याला नोकरी लागूनही वर्ष झालं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलगी हसली नाही. तिने एक संच माझ्या हातात दिला. "बघा मग."

चुरमुऱ्यांतच मी खाली बसलो आणि फीत सोडली. मार्चमधल्या बाहुल्यांच्या सणाला मांजरं लाल पायऱ्यांवर राजाराणी होऊन बसली होती, आणि एक पिल्लू सर्वांत वरच्या पायरीवरून राजालाच पंजाने हळूच ढकलत होतं. मे महिन्यात काठीवर कापडी मासे फडफडत होते. खाली सगळं खानदान आ वासून, एकाच्या गळ्यात चक्क लाळेरं. जुलैत बांबूला इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधायच्या, तर म्हातारी मांजर शेजाऱ्याची इच्छा चघळत होती. मी हसलो. मोठ्याने हसलो, आणि मान वर केली तेव्हा मुलगी माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

शेवटचं कार्ड फेब्रुवारीचं. पिल्लं भाजलेले सोयाबीन मूठमूठ फेकत होती आणि एक पोटसुटा बोका पळत होता. राक्षसाचा मुखवटा कपाळावर सरकलेला, खाली चष्मा. चष्म्याची एक काडी टेपने चिकटवलेली.

माझा हात आपोआप माझ्या चष्म्याच्या काडीवरच्या टेपवर गेला.

"हा कोण हो?" काकूंनी अगदी निरागसपणे विचारलं.

"जपानमध्ये ह्याच दिवसांत असतं," मुलगी म्हणाली. "घरातलं कुणीतरी राक्षस होतं. मोस्टली बाबाच. मुलं दाणे मारून त्याला हाकलतात. राक्षस बाहेर, सुख आत."

"मग ते परत घरात येतात ना गं?" बायकोने विचारलं.

"मुखवटा काढून. मग सगळे दाणे खातात."

बोरन्हाणाच्या बाळाला सगळं कळलं असावं. त्याने दोन्ही मुठी भरून माझ्या तोंडावर चुरमुरे मारले. मग बाकीची पोरं सुटली, मग काका. काकांचा नेम अजून उत्तम आहे. मी डोक्यावर स्टीलची वाटी धरून घरभर पळालो. मुलगी आता हसत होती, पोट धरून.

वाण लुटलं गेलं. एक काकू कार्डं उलटसुलट करत म्हणाल्या, "आमच्या मंगळागौरीची मांजरं का नाहीत गं? झिम्मा खेळताना?"

"टाळ्या देताना नखं लागतील, काकू."

"मग फुगडी घाल."

"फुगडी होईल," ती म्हणाली आणि तिथेच एका कार्डाच्या पाकिटावर पेनने काढायला बसली.

निघताना रिकामं खोकं मी तिच्या गाडीपर्यंत नेलं. सॉरी म्हणायचं होतं. पावसाबद्दलच काहीतरी बोललो. तिने माझ्या कॉलरमधून एक ब्लूबेरी काढली.

"नेक्स्ट इयरचे स्केचेस सुरू केलेत," ती म्हणाली. "पाठवू?"

"पाठव. आजच पाठव."

गाडीत बसून तिने काच खाली घेतली. "मागची बाजू अजून कोरी आहे हं, बाबा."