दवाखान्यातली बोलकी टाकी

महाडच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात माशांची सहा फुटी टाकी बसवली ती मीच. हौस माझी, भिंत त्यांची. पोलादपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत ती ठेवायची, तर बायकोला बाहेर काढावं लागलं असतं, आणि ती काही निघणाऱ्यातली नव्हती.

तेव्हा मी एमआयडीसीत पाइपफिटर होतो. दिवसभर पंपांच्या घरघरीत डोकं भणभणायचं. पाळी सुटली, की एसटीच्या वेळेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास मासे बघत बसायचं, एवढीच माझी विश्रांती.

पण टाकी बोलायची! वरचं जादा पाणी उभ्या पाइपातून खालच्या कपाटातल्या पिंपात पडे, पंप ते पुन्हा वर चढवी. पडताना पाणी हवा ओढायचं आणि तहानलेली म्हैस पाणी ढोसते तसा आवाज यायचा. रोगी ओळीने लघवीला उठायचे. छाती तपासताना डॉक्टरांना पाणीच ऐकू यायचं. मग ते पंप बंद करायचे आणि चालू करायला विसरायचे. दोन मासे गेले.

"शनिवारपर्यंत हिला गप्प करा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर उचला. मी माणसांचा डॉक्टर आहे."

झालं. दिवसभर पाइप, संध्याकाळी पुन्हा पाइप. पाइपाच्या तोंडात स्पंज कोंबला, तर पाणी शिट्टी वाजवू लागलं. बुधवारी डोकं चाललं. पाइपाला खाली व्हॉल्व्ह लावून तो जेमतेम उघडा ठेवला. पाइप पाण्याने गच्च भरला, हवेला शिरायला जागाच उरली नाही. शांत! मी रोग्यांना कमरेत वाकून मुजरा केला.

गुरुवारी टाकीतल्या रोपाचं एक पान व्हॉल्व्हमध्ये अडकलं. पाणी काठावरून थेट फरशीवर. रोगी पाय वर घेऊन बाकावर आणि मी गुडघे टेकून फडकं पिळतोय. तेवढ्यात कापडे गावाहून आलेली, दम्याने धापा टाकणारी एक म्हातारी बाकावरून म्हणाली,

"काय रे, बांधाला एकच वाट ठेवलीस काय?"

"मग किती ठेवायच्या, आजी?"

"दोन! खालची रोजची, वरची पावसाची. खालची तुंबली, का पानी वरनं जातंय. एवढं ठावं नाय आनि पाइप जोडतोस?"

आमच्या भाताच्या बांधालाही दोन वाटा होत्या. दरवर्षी वडील त्या माझ्याकडूनच मोकळ्या करून घ्यायचे.

शुक्रवारी दुसरा पाइप बसवला. तोंड पहिल्यापेक्षा दोन बोटं वर, व्हॉल्व्ह नाही. शनिवारी डॉक्टरांसमोर पहिल्याच्या तोंडात फडकं कोंबलं. पाणी चढलं, दुसरा पाइप म्हशीसारखा ओरडला, पण फरशी कोरडी.

"हा ओरडला, की पहिला तुंबला समजायचं," मी म्हणालो आणि फडकं काढलं. सगळं शांत.

औषध संपलं म्हणून म्हातारी पुन्हा आली होती. "श्वास घ्या आजी," आतून ऐकू आलं. मी बाकावर टेकलो. लाल मासा वळला, काळा वळला...

खांदा गदागदा हलला. समोर म्हातारी.

"उठ रे, घोरतोस किती! डॉक्टर इचारतायत, माझी छाती अशी दारामागून कशी वाजतेय?"

"टाकी राहू दे," डॉक्टर आतून ओरडले, "आता यांना व्हॉल्व्ह लावा!"

पोलादपूरची एसटी तोवर गेली होती. पुढच्या गाडीला अजून तास होता. मी पुन्हा माशांकडे तोंड करून बसलो.